बाराच्या आतलं जेवण

"ती इंग्लिशवाली नको बाबा. ती फुलंब्रीची पोरगी हाय ना, तिलाच बोलवा."

आमची एक पक्षकार मावशी हे ऑफिसातल्या कारकुनाला, मुन्शींना म्हणाली, तेव्हा मी कपाटाच्या आड झेरॉक्स मशीनमध्ये कागद भरत होते. मुन्शींनी घसा खाकरला. मी आत आहे हे तिला कळावं म्हणून असेल. तिला ते कळलं नाही, किंवा कळूनही काही फरक पडला नाही.

"हिला काय सांगावं तर ही नुसती बघत ऱ्हाते," ती पुढे म्हणाली. "आपन मानसाशी बोलतो का भिताडाशी, कळंनाच."

मी मशीनचं झाकण हळूच लावलं आणि कागद मोजत असल्यासारखं करत तिथंच उभी राहिले. थोड्या वेळानं फुलंब्रीची आली. "मावशे, च्या घेतला का?" असा तिचा आवाज दारातूनच आला आणि मावशी रडायलाच लागली. माझ्यासमोर ती एकदाही रडली नव्हती. हे लिहिताना विचित्र वाटतं, पण मला त्या रडण्याचा हेवा वाटला.

आम्ही दोघी एकाच वकील सरांकडे ज्युनिअर. ती रोज फुलंब्रीहून एसटीनं येते. घरी शेती, दोन म्हशी, चार भावंडं. मी शहरातच, सिडकोत राहते. आमच्या घरात पूर्वी भिक्षुकी होती, मग निजामाच्या कचेरीतली कारकुनी, मग बँक, आणि आता सगळे लॅपटॉप उघडून बसतात. माझ्या शाळेत मराठी बोललं की मिस वर्गाबाहेर उभं करायच्या. त्यामुळे अजूनही मराठी वाक्य माझ्या डोक्यात आधी तयार होतं, मग मी ते तपासते, आणि बोलायला तोंड उघडते तोवर लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. फुलंब्रीचीला असं काही करावं लागत नाही. ती कोर्टाच्या पायऱ्या चढता चढता शिपायाच्या मुलीचं लग्न, बेलीफची गुडघेदुखी आणि स्टेनोबाईंच्या घरचा पाण्याचा टँकर असं सगळं विचारून होते. वर पोचेपर्यंत तिचं काम झालेलं असतं. मी तिच्या मागून फायली घेऊन चढते.

मावशी बजाजनगरला राहते. वाळूजच्या कंपन्यांतल्या एकट्या कामगारांना डबे पुरवते. तिचा मुलगा एका मारामारीच्या केसमध्ये आत होता. खटला उभा राहिलेला नाही, जामीन झालेला नाही, म्हणजे कच्चा कैदी. पण त्या दिवशी ती केससाठी आली नव्हती. तुरुंगानं तिची मुलाखत, म्हणजे मुलाला भेटणं, बंद केलं होतं, म्हणून आली होती.

त्याचं कारण मी कपाटाआडूनच ऐकलं. त्यांच्या घरी बौद्धांचा वर्षावास पाळतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. त्यातल्या अष्टमीला, अमावस्येला आणि पौर्णिमेला तिचा मुलगा अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत, घ्यायचा. पांढरे कपडे घालायचे, आणि दुपारी बाराच्या नंतर अन्न घ्यायचं नाही. पाणी चालतं, सरबत चालतं. वडील असताना तो त्यांच्या शेजारी बसून हे शिकला, आणि ते गेल्यावर एकदाही चुकला नाही. रात्रपाळी असली तरी नाही.

तुरुंगात सकाळचं जेवण बाराच्या आत होतं. संध्याकाळचं मात्र चार-साडेचारला वाटतात, कारण अंधार पडायच्या आत बरॅकी बंद करायच्या असतात. त्यानं अष्टमीला संध्याकाळचं जेवण केलं नाही. अमावस्येलाही केलं नाही. तेव्हा तिथल्या कुणीतरी कागदावर 'अन्नत्याग' असं लिहिलं. तुरुंगात अन्नत्याग म्हणजे उपोषण, आणि उपोषण म्हणजे शिस्तभंग. शिक्षा म्हणून मुलाखत बंद, पुढचा हुकूम होईपर्यंत.

"मी गेटवर गेले ना माय," मावशी सांगत होती, "पांढरा सदरा घेऊन. मला म्हनले, तुमचा पोरगा आंदोलन करतोय, घरी जा. आंदोलन कसलं? लेकरू शील पाळतंय. त्यानं चोरून खाल्लं असतं तर चाललं असतं का यांना?"

"तसं नाय चालणार मावशे," फुलंब्रीची म्हणाली. "पण आपण करू कायतरी. तू रडू नको."

जाताना मावशीनं पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून तिच्या हातात दिली. मी तोवर बाहेर आले होते. मावशीनं माझ्याकडं पाहिलं, जरा अवघडली आणि म्हणाली, "मॅडमला तिखट चालत नसंल."

मला तिखट फार आवडतं.

त्या रात्री घरी जेवताना मी आईकडे बघत होते. ती जेवत नव्हती, आमच्याबरोबर नुसती बसली होती. मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपनं सांगितल्यापासून ती संध्याकाळी सहानंतर काही खात नाही. शेजारच्या काकू तिचं कौतुक करतात, बाबा चेष्टा करतात. कुणी तिच्यावर शिस्तभंगाचा कागद काढलेला नाही. ॲपसाठी चालतं, शीलासाठी चालत नाही, हे मला त्या टेबलावर फार स्पष्ट दिसलं. आणि त्याबरोबर आणखी एक दिसलं. ज्याच्यासाठी मी 'नाही' म्हणेन आणि वर शिक्षा घेईन, असं माझ्याकडे काहीच नव्हतं. मावशीच्या मुलाचाही मला थोडा हेवा वाटला. तुरुंगातल्या माणसाचा हेवा वाटणं बरं नव्हे, म्हणून मी वरण वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा दोघींना तुरुंगात पाठवलं. मावशीची मुलाखत बंद झाली तरी वकिलांची बंद करता येत नाही. शेअर रिक्षात बसल्यावर फुलंब्रीची म्हणाली, "काल आत होतीस ना? ऐकलंस सगळं?"

"हो."

"मावशीचं मनावर घेऊ नको. ती मलाबी पहिल्यांदा म्हणली होती, एवढी बारकी पोरगी काय केस चालवणार." मग तिनं मला कोपरानं ढोसलं. "पण तू बोलत जा की गं कधी. काय मूग गिळून बसती!"

मी हसले. हसणं मला बोलण्यापेक्षा लवकर जमतं.

"तुझ्यासारखं इंग्रजी मला येत असतं ना," ती बाहेर बघत म्हणाली, "तर मी हायकोर्टाच्या खंडपीठातच जाऊन बसले असते. इथं कशाला थांबते."

ती माझं मन राखायला बोलतेय, असं मला तेव्हा वाटलं.

तुरुंगातल्या वकील-मुलाखतीच्या खोलीत मधे काच आहे आणि दोन्ही बाजूंना फोनचे रिसीव्हर. मुलगा आला. माझ्याच वयाचा असेल. रिसीव्हर अर्थात तिनं घेतला. दोन मिनिटांत तो हसत होता. तिनं त्याला काय विचारलं कोण जाणे, बहुतेक आईच्या चटणीबद्दल. काचेपलीकडचं हसू बघायला विचित्र असतं, आवाजच नसतो. मग वकीलपत्रावरच्या सहीवर तुरुंगाचा शिक्का हवा म्हणून शिपाई तिला ऑफिसात घेऊन गेला आणि रिसीव्हर माझ्या हातात आला.

मी वाक्य तयार करूनच ठेवलं होतं. "तुम्ही संध्याकाळचं जेवण नाकारता का?"

तो जरा गोंधळला. माझं मराठी धड्यातल्यासारखं येतं, मला माहीत आहे.

"नाकारत नाय मॅडम," तो म्हणाला. "पहिल्या अष्टमीला घेतलं आन् शेजारच्याला दिलं. शिपाई म्हनला, आपलं जेवण दुसऱ्याला द्यायचं नाय. बरोबर हाय त्याचं, नियम हाय. मग अमावस्येला मी सकाळीच म्हनलो, संध्याकाळचं आत्ताच द्या, सकाळच्या संगंच खातो. भाकरी दोन जास्त द्या, भाजी नसली तरी चालंल. तर म्हनले, हे काय हॉटेल हाय का?"

"असं मागितल्याचं कुणी ऐकलं?"

"समद्यांनी ऐकलं. माझ्या बरॅकीत मुसलमान भाऊ हायेत. ते म्हनले, आम्हाला रमजानात पहाटे देतात की. मागून बघ." तो थांबला. "मागितलं, तर अन्नत्याग लिहिलं."

मला पुष्कळ विचारायचं होतं. म्हणजे मला म्हणायचं होतं की तुमचं बरोबर आहे. पण फुलंब्रीची परत आली आणि त्याचा चेहरा तिच्याकडे वळला. मी रिसीव्हर तिला देऊन टाकला.

तो शनिवार-रविवार मी घराबाहेर पडले नाही. इंग्रजीत रिट याचिका लिहिली. इंग्रजीत मला अडखळायला होत नाही. राज्यघटनेचं पंचविसावं कलम, त्यातल्या सार्वजनिक सुव्यवस्था आणि आरोग्याच्या मर्यादा, कैदी झाल्यानं माणसाचे कोणते हक्क जातात आणि कोणते राहतात, एका धर्माच्या कैद्यांना उपवासासाठी दिलेली सवलत दुसऱ्याला नाकारली तर समानतेचं काय होतं, असं सगळं. तुरुंगाच्या नियमांत धार्मिक उपवासाची सोय आहे, तेही घातलं. आणि मधे कुठंतरी एका परिच्छेदात ते घातलं, जे त्या मुलानं मला काचेपलीकडून सांगितलं होतं. ते लिहिताना मला वाटलं, हे आता माझं आहे. मावशी मला भिंत म्हणाली असेल, पण सर हे वाचतील.

सोमवारी सरांनी पानं चाळली. "उत्तम," ते म्हणाले. ते 'उत्तम' म्हणाले की पुढे 'पण' असतो. "पण हे खंडपीठासाठी. खंडपीठाचं दार मोठं आहे, तिथं क्रमांक लागेपर्यंत वर्षावास संपून जाईल. आधी जवळचा उपाय. अधीक्षकाकडे लेखी तक्रार झाली का?"

"झाली सर," फुलंब्रीची म्हणाली. "मावशीकडून मीच लिहून घेतली. पोच आहे. उत्तर नाही."

"छान. आता हा मुलगा कच्चा कैदी आहे. त्याला कोठडीत ठेवलंय ते कोर्टाच्या हुकमानं. म्हणजे तुरुंगात त्याचं काय होतंय हे त्या कोर्टाला विचारता येतं. तिथंच साधा अर्ज द्या. दोन पानं, मराठीत. शिक्षा रद्द करा, मुलाखत सुरू करा, शील पाळू द्या. नाही ऐकलं तर मग ही रिट आहेच."

माझ्या याचिकेवर त्यांनी पेपरवेट ठेवला.

दोन पानं तिनं लिहिली. भर दुपारी, डबा खाता खाता, डाव्या हातानं भाकरी धरून. मी माझी प्रत तिच्या टेबलावर ठेवली होती, संदर्भाला. तिनं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. "बाप रे," ती म्हणाली, "हे वाचायला मला वर्षावास पुरायचा नाही." आणि पुन्हा लिहायला लागली. सरांनी तिची दोन पानं वाचली आणि तोंडभर हसले. "याला म्हणतात अर्ज. न्यायाधीशाला चहा थंड व्हायच्या आत कळला पाहिजे." मी त्या वेळी खिडकीतून खाली लावलेल्या स्कूटरी बघत होते. माझी धुळीनं भरली होती. कुणीतरी सीटवर बोटानं बाण काढला होता.

मला वाटलं होतं, माझा तो परिच्छेद तिनं निदान वाचला असेल. तो तेवढा तिच्या दोन पानांत आलाच असेल. मी तिला विचारलं नाही. तिच्या लिखाणाबद्दल काही विचारणं म्हणजे मला ते वाचावंसं वाटतंय हे सांगणं, आणि मला ते वाचायचं नव्हतं.

पुढची अष्टमी दोन दिवसांवर होती, तेव्हा अर्ज सुनावणीला निघाला. तोवर आदेश झाला नसता तर मुलानं पुन्हा जेवण सोडलं असतं आणि पुन्हा तोच कागद निघाला असता. मावशीला सगळ्यांत जास्त भीती याचीच होती. "तो ऐकनार नाय," ती कोर्टाबाहेरच्या बाकावर म्हणाली. "मी म्हनलं होतं, या वर्षी ऱ्हाऊ दे, बाहेर आल्यावर पाळ. तर म्हनला, आई, बाहेर तर कुनीबी पाळतं." सांगताना तिचा आवाज एकाच वेळी रागाचा आणि अभिमानाचा होता. तिनं फुलंब्रीचीच्या काळ्या कोटावरचा धागा काढला आणि कॉलर सरळ केली. माझी कॉलरही वाकडी होती. ती मीच नीट केली.

सर मागच्या खुर्चीत बसले. "किरकोळ अर्ज आहे. तुम्हीच चालवा," ते म्हणाले. तुम्ही म्हणजे ती. मी फाईल धरायला.

भिंतीवरच्या टीव्हीत मुलगा दिसत होता. तुरुंगातल्या व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोलीतला पंखा त्याच्या डोक्यावर अर्धाच दिसत होता. आवाज बंद ठेवला होता, कारण आधीच्या केसमध्ये तिकडून नुसता गोंगाट येत होता.

ती छान बोलली, हे मान्य करायला हवं. वर्षावास म्हणजे काय, शील म्हणजे काय, हा मुलगा ते किती वर्षं पाळतोय, आईची मुलाखत बंद केल्यानं काय झालंय. न्यायाधीश मान हलवत होते. स्टेनोबाईसुद्धा तिच्याकडं बघत होत्या. मी फाईलची नाडी सोडून पुन्हा बांधली.

मग सरकारी वकील उठले. वयस्कर, शांत गृहस्थ. "साहेब, धर्माला कुणाचा विरोध नाही. पण तुरुंगात एकानं जेवण सोडलं की उद्या चार जण सोडतात. कारण कुणी कसं ओळखायचं? याचा जामीन फेटाळला गेलाय. त्यानंतर यानं अन्नत्याग केला. दबावासाठी केला, असं तुरुंगाचं म्हणणं आहे."

न्यायाधीशांनी तिच्याकडं पाहिलं. "वकीलबाई, एवढंच सांगा. त्या दिवशी त्याला जेवण दिलं होतं, आणि त्यानं ते नाकारलं. हे मान्य आहे ना?"

"हो साहेब, पण ते धर्मामुळे—"

"झालं," सरकारी वकील हळूच म्हणाले. "नाकारल्याचं कबूल आहे."

तेव्हा मला कळलं की माझा परिच्छेद तिनं वाचलेला नाही. तिला माहीतच नव्हतं. ती त्या वेळी शिक्क्यासाठी ऑफिसात होती. तिची बोटं फाईलच्या कडेवर फिरायला लागली. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच तिला पुढचं वाक्य सापडत नव्हतं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? क्षणभर नव्हे, चांगलंच बरं वाटलं. वाक्य न सापडणं म्हणजे काय, हे तिलाही कळू दे. सर मागून बघत होते. त्यांना तो पेपरवेट आठवू दे. मावशी मागच्या बाकावर होती. तिलाही दिसू दे, तिची फुलंब्रीची अडकलेली.

न्यायाधीश स्टेनोबाईंकडे वळले. "घ्या. अर्जदार बंद्याने अन्न नाकारल्याचे त्याच्या वकिलांनी मान्य केले आहे. सबब..."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी सवयीनं दुसरीकडे बघत होते, टीव्हीकडे. मुलानं हात वर केला होता. तो बोलत होता. आवाज बंद आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं, कारण तो नीट, सावकाश, एकेक शब्द तोडून बोलत होता. आपण शांतपणे सांगितलं की लोक ऐकतात, असं ज्याला अजून वाटतं तसा. त्याच्या ओठांवर मला 'सकाळीच' दिसलं, मग 'संगंच'. त्याला थांबायची खूण करून तिकडच्या शिपायानं त्याचा हात खाली केला. त्यानं हात खाली ठेवला आणि बोलणं चालूच ठेवलं.

मी उठले तेव्हा माझी खुर्ची मागच्या टेबलावर आपटली. न्यायाधीश थांबले. स्टेनोबाईंची बोटं थांबली. फुलंब्रीचीनं वळून पाहिलं आणि एक पाऊल बाजूला झाली, मला जागा द्यायला. माझ्याकडे तयार केलेलं वाक्य नव्हतं. तपासायला वेळही नव्हता. मागून मावशीचा आवाज आला, "अगं माय, ही?" आणि मी बोलले.

"साहेब, त्यानं जेवण नाकारलं नाही, त्यानं ते मागितलं. संध्याकाळच्या भाकरी सकाळच्या जेवणासंगंच द्या म्हणाला, बाराच्या आत खातो म्हणाला. रमजानात तिथं पहाटे देतात, तसंच. तो आत्ताही तेच सांगतोय साहेब, त्याचा आवाज बंद आहे. चालू करायला सांगा."